मांजरसुंब्याच्या घाटातले १९२६चे इंजिन

चाकांची वाटचाल : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण फोर्डच्या मॉडेल टीपाशी थांबलो होतो. १९०८ साली निघालेली ही गाडी १९२७ पर्यंत दीड कोटींवर गेली. तिची एक गोष्ट सांगायची राहिली. तिला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी सीटखाली, तिथून पेट्रोल उताराने आपसूक इंजिनाकडे यायचे. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ उभा असला, की इंजिन टाकीच्या वर जायचे आणि गाडी बंद पडायची. मग ड्रायव्हर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. मांजरसुंब्याच्या घाटात एखाद्या उभ्या वळणावर तिला असेच पाठमोरे जावे लागले असते.

घाट आलाच आहे, तर आज आपल्या ओळखीच्या गाडीकडे येतो. परळीला रेल्वे फार आधीपासून होती, पण बीड शहरात पहिली गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर सगळी भिस्त रस्त्यावर. एसटी जिथवर जाई तिथवर एसटी, आणि पुढे पाटोदा-आष्टीच्या माळावर, धारूरच्या डोंगरात जीप. काळी-पिवळीत मांडीला मांडी लावून बसलेल्या आपल्या पिढीला जीप म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तिच्या मूळ पेट्रोल इंजिनाची कुळी मात्र सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड नावाची कंपनी होती. तिने १९२६ मध्ये व्हिपेट नावाची छोटी, स्वस्त गाडी काढली. चार सिलिंडर, २.२ लिटर, सुमारे ३० अश्वशक्ती. सिलिंडरचा व्यास ३ इंच १ सूत, म्हणजे सव्वातीनला थोडा कमी, आणि पिस्टनची चाल ४ इंच ३ सूत. हे माप लक्षात ठेवा.

व्यास कमी आणि चाल लांब असली, की इंजिन कमी फेऱ्यांतही नेटाने ओढते. अमेरिकन गाड्या अशा ओढणाऱ्या झाल्या त्याला कारण तिथला शेतकरी. त्याचे रस्ते चिखलाचे, गावे लांब, पेट्रोल स्वस्त. त्याला सपाट रस्त्यावर सुसाट पळणारी गाडी नको होती; चिखलातून निघणारी, उंच चाकांवर उभी राहणारी आणि घरच्या पान्याने खोलता येणारी हवी होती. इंग्लंडमध्ये १९२१ पासून गाडीवर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला, आणि ती अश्वशक्ती मोजायची सिलिंडरच्या व्यासावरून. त्यामुळे तिथली इंजिने आकारानेच लहान होत गेली. बीडची काळी माती आणि बालाघाटाची दगडी उतरण पाहिली, की यांतले कोणते इंजिन आपल्या कामाचे, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

१९३८ मध्ये डेलमार रूस हे इंजिनिअर विलीजमध्ये आले. कंपनी तोवर एकदा दिवाळखोरीच्या दारातून परतली होती. नवे इंजिन घडवायला पैसा नव्हता. रूस यांनी जुन्याच इंजिनाला हात घातला. व्यास तोच, चाल तीच. पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, बेअरिंग सुधारले, सुट्या भागांतली फट अधिक काटेकोर केली, दाब वाढवला. दाब वाढवता आला, कारण १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते आणि इंधन अवेळी पेट घेऊन इंजिन ठोकत नव्हते. (त्या शिशाने पुढे हवेत केलेले विष हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यावर स्वतंत्र भाग लिहीन.) मिनिटाला ४,४०० फेऱ्यांनी १५० तास चालवूनही इंजिन टिकले पाहिजे, अशी कसोटी रूस यांनी ठेवली. शेवटी त्याच मापातून ६० अश्वशक्ती निघाली. पंधरा वर्षांत दुप्पट. मोटारीच्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण इथे इंजिनाचे माप तेच राहिले आणि बदलला तो कारागिरीचा कस.

अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये छोटी गाडी मागवली, तेव्हा हेच इंजिन विलीजचे हुकमी पान ठरले. महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बांधल्या. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली.

रूस यांच्या या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असतात. वरचे हेड म्हणजे एक जाड झाकण. तोटा असा, की हवा-पेट्रोलला आडवळणाने आत यावे लागते, इंजिनाचा श्वास कोंडतो. फायदा असा, की लिंबाखाली गाडी उभी करून मिस्त्री हेडचे नट सोडतो, काजळी खरवडतो, व्हॉल्व्ह घासून बसवतो आणि संध्याकाळी हँडल मारून गाडी सुरू करतो. पुढच्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, बाहेर टाकणारा शेजारीच राहिला. शक्ती सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंची वाढली; म्हणून १९५३ पासून जीपचे बॉनेट उंच झाले. महिंद्रांनी ते उंच नाक पुढे कित्येक दशके चालवले. नंतर डिझेल स्वस्त म्हणून फ्रान्सच्या प्यूजोच्या घराण्यातले इंजिन जीपमध्ये बसले आणि पेट्रोलची जीप मागे पडली.

आता एक विनंती. तुमच्या गोठ्याशेजारी, वखारीमागे जुनी पेट्रोल जीप पडून असेल, तर भंगारात देण्याआधी बॉनेट उघडून पाहा. हेड सपाट असून त्यात स्पार्क प्लग उभे दिसले, तर ते रूस यांचे इंजिन. वर पत्र्याचे झाकण असेल, तर त्याच्या पुढची पिढी. फोटो काढा, ती कोणी कुठे चालवली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या आठवड्यात हँडलला सुट्टी देणाऱ्या १९१२च्या कॅडिलॅकच्या स्टार्टरबद्दल.