न दिसणाऱ्या कणांचे रसायनशास्त्र

रसायनशास्त्र अवघड का जाते, या प्रश्नाला सूत्रांची संख्या आणि पाठांतराचा कंटाळा ही उत्तरे नेहमी दिली जातात. मात्र ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासक अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की अडचण त्याहून खोल आहे. हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतो: डोळ्यांना दिसणारा बदल, तो घडवणारे कण आणि कागदावरची चिन्हे. मॅग्नेशिअमची फीत प्रखर पांढऱ्या ज्योतीने जळताना विद्यार्थी पाहतो, लगेच फळ्यावर समीकरण येते, आणि या दोहोंना जोडणारी कणांची पातळी मात्र न दाखवताच राहून जाते, कारण खडूने ती दाखवणे फार कठीण असते.

आंतरक्रियात्मक तंत्रज्ञानाचे खरे मोल या मधल्या पातळीवर आहे. विद्यार्थी एखादी राशी स्वतः बदलतो आणि तिचा परिणाम तत्काळ पडद्यावर उमटतो, अशा संगणकीय प्रतिकृतीला सिम्युलेशन म्हणतात. चित्रफीत नुसती पाहता येते, सिम्युलेशनला प्रश्न विचारता येतो. भौतिकशास्त्राच्या २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प भौतिकशास्त्रापासून निघून रसायनशास्त्रापर्यंत पोहोचला. त्याची सिम्युलेशन्स विनामूल्य असून त्यांतली अनेक मराठीतही वापरता येतात.

समीकरण संतुलित करण्याचे त्यातले सिम्युलेशन पाहण्याजोगे आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार होतो; डावीकडे नायट्रोजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच, हे तिथे तराजूच्या कललेल्या दांडीवरून दिसते. वहीत हे समीकरण सोडवताना पुष्कळ विद्यार्थी सूत्रातला खालचा लहान अंक बदलून मोकळे होतात, म्हणजे नकळत पदार्थच बदलतात. सिम्युलेशनमध्ये तो अंक बदलताच येत नाही. बदलतो तो सहगुणक, म्हणजे सूत्राआधी लिहिलेली रेणूंची संख्या, आणि तो वाढवला की पडद्यावर आख्खा रेणू वाढतो. एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन आणि त्यातून दोन अमोनिया, इथवर पोहोचताच दांडी समतोल होते, आणि अणू निर्माण होत नाहीत वा नष्टही होत नाहीत या नियमाचा अर्थ हाताला कळतो.

सामूचेही, म्हणजे द्रावणाची आम्लता मोजणाऱ्या मापाचेही, तसेच आहे. त्याच्या सिम्युलेशनमध्ये सामू १ असलेल्या तीव्र आम्लात पडद्यावरच्या नळातून दुप्पट-तिप्पट पाणी ओतूनही आकडा जेमतेम हलतो, कारण तो २ होण्यासाठी द्रावण दहापट विरल व्हावे लागते. आणि कितीही पाणी घातले तरी खोलीच्या तापमानाला सामू ७ च्या जवळ सरकतो, पलीकडे जात नाही. भरपूर पाणी घालून आम्लाचे आम्लारी होईल, ही समजूत इथे सहज गळून पडते.

अर्थात पडद्यावरचा ऑक्सिजन लाल आणि नायट्रोजन निळा असतो तो केवळ संकेताने, अणूला रंग नसतो, हे शिक्षकाने स्पष्ट सांगितलेच पाहिजे. अमोनियाचा उग्र वास, तापलेल्या परीक्षानळीची धग आणि ब्युरेटमधून एकेक थेंब सोडण्याची सावधगिरी संगणकावर शिकता येत नाही. सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी विकसित केलेल्या ‘ओ-लॅब्ज’ या ऑनलाइन प्रयोगशाळेत शालेय प्रयोग मराठीतूनही करून पाहता येतात. प्रत्यक्ष प्रयोगाआधीची तयारी म्हणून ती उत्तम आहे, मात्र प्रयोगशाळेची खोली कुलूपबंद ठेवण्यासाठी तिचे निमित्त होता कामा नये.

प्रत्येकाला संगणक मिळाल्याशिवाय हे जमणार नाही, असेही नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी स्वतः उत्तर ठरवतो, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर देतो. एकाच प्रोजेक्टरसमोर बसलेल्या साठ मुलांच्या वर्गातही पाणी ओतण्यापूर्वी ‘सामू किती होईल?’ असे विचारून हात वर करायला सांगता येते, आणि दोन मिनिटांची चर्चा झाल्यावरच शिक्षकाने पडद्यावरचा नळ सोडावा.