गव्हाणीतील गौरव

नाताळच्या मध्यरात्री जगभरातील चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला जातो. रोमचा सम्राट ऑगस्टस जनगणनेची आज्ञा काढतो, योसेफ आणि गर्भवती मरीया नासरेथहून बेथलेहेमला येतात, तेथे मुलाचा जन्म होतो आणि उतरण्याच्या ठिकाणी जागा नसल्याने त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवले जाते. त्याच रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांभोवती देवाचे तेज फाकते आणि स्वर्गदूतांचा समूह देवाचा गौरव गाऊ लागतो. जनावरांच्या चाऱ्याची गव्हाण आणि आकाश भरून टाकणारे तेज यांचा परस्परांशी काय संबंध, हा ख्रिस्ती चिंतनातील फार जुना प्रश्न आहे. नाताळच्या धामधुमीत तो सहसा विचारला जात नाही, इतकेच.

लूकचा मजकूर बारकाईने वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. तेज दिसते ते रानात, गव्हाणीपाशी नव्हे. बाळाच्या मस्तकाभोवती प्रभावलय नाही, मातेच्या चेहऱ्यावर दिव्य प्रकाश नाही. मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते ती कोणत्याही गरीब घरात आढळावी अशी आहे : बाळंत्यात गुंडाळलेले, गव्हाणीत निजलेले मूल. बाळाच्या अंगातूनच प्रकाश पाझरतो आहे अशी जी चित्रे आज सर्वत्र दिसतात, ती युरोपात मुख्यतः चौदाव्या शतकातील स्वीडनची संत ब्रिजिट हिच्या दर्शनानंतर रूढ झाली. बैल आणि गाढव हेही लूकमध्ये नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून पुढे चित्रांत आले. फार काय, लूक गोठ्याचाही उल्लेख करीत नाही. त्या काळी पॅलेस्टाईनमधील साध्या घरांत माणसे वरच्या भागात आणि जनावरे खालच्या भागात राहत असत, त्यामुळे ही गव्हाण एखाद्या घरातच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पण घर असो वा गोठा, तेथे तेज नव्हते, हे लूकने स्पष्ट ठेवले आहे.

‘गौरव’ या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. हिब्रू शास्त्रात देवाच्या गौरवासाठी ‘कावोद’ हा शब्द येतो आणि त्याच्या मुळाशी वजनाची, भाराची कल्पना आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपला ‘गौरव’ हा शब्दही ‘गुरू’ म्हणजे जड यापासूनच झाला आहे. ग्रीक भाषेतील ‘डोक्सा’ हा शब्द मात्र मुळात मत, लौकिक या अर्थाचा. म्हणजे एकीकडे वस्तूच्या अंगी असलेले वजन आणि दुसरीकडे लोकांनी दिलेली प्रतिष्ठा. ख्रिस्ती परंपरेने हे दोन्ही अर्थ वाहिले आणि तिचा बराचसा गोंधळ या दोहोंची गल्लत झाल्यामुळे झाला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

ऑगस्टसचे नाव लूकने केवळ काळ सांगण्यासाठी घेतलेले नाही. इ. स. पूर्व ९ मध्ये आशिया प्रांतातील नगरांनी सम्राटाच्या जन्मदिवसापासून वर्ष सुरू करण्याचा ठराव केला. प्रीने येथे सापडलेल्या त्या शिलालेखात ऑगस्टसला तारणारा म्हटले आहे आणि त्याच्या जन्माला शुभवार्तेचा आरंभ. त्याच वर्षी रोममध्ये सम्राटाने प्रस्थापित केलेल्या शांतीच्या वेदीचे लोकार्पण झाले. तारणारा, शुभवार्ता, शांती हे तिन्ही शब्द राजसत्तेच्या तोंडचे होते. लूक ते उचलतो आणि मेंढपाळांच्या कानी घालतो. समकालीन वाचकाला यातील धिटाई समजली असणार.

नम्रतेची गोष्ट तर आणखी वेगळी. ग्रीक-रोमन जगात नम्रता हा गुण नव्हता. त्यासाठीचा शब्द हीन, लाचार, गुलामाला शोभणारे वर्तन दाखवीत असे. संत पौलाने तुरुंगातून फिलिप्पी येथील मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तो नेमका हाच शब्द वापरतो. फिलिप्पी ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत. मानमरातब, पदव्या आणि नागरिकत्व यांना तेथे विलक्षण किंमत. अशा नगरात पौल लिहितो, की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता, पण त्याने ते पद धरून ठेवण्याची वस्तू मानली नाही; स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. म्हणून देवाने त्याला सर्वांहून उंच केले. नाताळवरील बहुतेक सर्व ख्रिस्ती विचार या काही ओळींभोवती फिरतो.

‘रिक्त केले’ याचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांनी शतकानुशतके वाद घातला. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथील परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्वच आहे असे ठरविले, त्यामुळे गव्हाणीतील मूल हे दुय्यम दैवत आहे अशी सोपी पळवाट बंद झाली. मग देवत्व गेले कोठे? सतराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत ट्युबिंगेनच्या पंडितांनी ख्रिस्ताने आपले सामर्थ्य केवळ झाकून ठेवले असे म्हटले, तर गीसेनच्या पंडितांनी त्याने त्याचा वापरच सोडला असे प्रतिपादन केले. दोन्ही मतांत एक गृहीत समान होते : गौरव म्हणजे सामर्थ्य आणि नम्रता म्हणजे त्यावरील आवरण किंवा त्यातील घट.

पौलाच्या मूळ वाक्यात मात्र एक व्याकरणाची जागा मोकळी आहे. तेथील ग्रीक धातुसाधिताचा अर्थ देवाच्या स्वरूपाचा ‘असूनही’ असा होतो, तसाच ‘असल्यामुळेच’ असाही होऊ शकतो. अनेक भाषांतरे पहिला अर्थ धरतात. दुसरा धरला तर सारे चित्र पालटते. मग देव आपला स्वभाव बाजूला ठेवून लहान होत नाही; लहान होणे, स्वतःला देऊन टाकणे हाच त्याचा स्वभाव ठरतो आणि गव्हाण ही गौरवाची उणीव नसून गौरवाचे रूप ठरते. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या स्विस धर्मशास्त्रज्ञाने हा विचार फार जोरकसपणे मांडला. व्याकरणाचा निकाल काहीही लागो, लूकच्या कथेशी हे दुसरे वाचन अधिक जुळते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे तुकोबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. देवाकडे लहानपण मागणारा त्यांचा अभंग घरोघरी ठाऊक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. अभंगात भक्त लहानपण मागतो. नाताळच्या कथेत ते देवाने पत्करलेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ने ही जन्मकथा मराठी ओवीत आणली.

या चिंतनाचा दुरुपयोगही झाला आहे, हे सांगणे आवश्यक आहे. नम्रतेचा उपदेश बहुधा ज्यांच्यापाशी सोडण्यासारखे काही नाही त्यांनाच केला गेला : गुलामांना, स्त्रियांना, मजुरांना आणि आपल्याकडे जातीने खाली ढकललेल्यांना. पौलाच्या पत्रातील क्रम याच्या अगदी उलट आहे. तेथे ज्याच्यापाशी सर्व काही आहे तो खाली उतरतो. आणि लूकच्या पहिल्या अध्यायातील मरीयेचे स्तोत्र तर सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढण्याची आणि दीनांना उंच करण्याची भाषा करते. लादलेली हीनता आणि स्वेच्छेने पत्करलेले लहानपण यांत जो भेद करीत नाही, त्याला ही कथा कळली असे म्हणता येणार नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसला तो भेद ठाऊक होता. श्रीमंत कापडव्यापाऱ्याच्या या मुलाने स्वतःच्या इच्छेने दारिद्र्य पत्करले होते. १२२३ च्या नाताळात त्याने इटलीतील ग्रेच्चो या गावी गवत भरलेली गव्हाण, बैल व गाढव आणून तेथे मिस्सा साजरी करविली. वसईपासून गोव्यापर्यंत नाताळात जे गोठे उभारले जातात, त्यांची परंपरा तेथवर जाऊन पोचते.

बेथलेहेमच्या जन्मस्थान चर्चमध्ये या साऱ्याचा इतिहास दगडांत वाचता येतो. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईनच्या काळी बांधलेले आणि सहाव्या शतकात पुन्हा उभारलेले हे चर्च २०१२ मध्ये जागतिक वारसास्थान झाले. त्याचा दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा आहे. बादशाही काळातील भव्य द्वार आणि नंतरची क्रुसेडर कमान बुजवून तो लहान करण्यात आला. परंपरा सांगते की कोणी घोड्यावर बसून किंवा गाडी घेऊन आत शिरू नये म्हणून. आज त्याला नम्रतेचे द्वार म्हणतात आणि मोठमोठ्या राष्ट्रप्रमुखांनाही तेथे वाकावे लागते. आत ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन या तीन पंथांचे हक्क कोपऱ्याकोपऱ्याने वाटलेले आहेत. जन्मस्थळावरील चौदा टोकांचा चांदीचा तारा १८४७ मध्ये चोरीस गेला, तेव्हा त्यावरून फ्रान्स आणि रशिया यांच्यात तेढ वाढली आणि पवित्र स्थळांचा हा वाद क्रिमियन युद्धाचे एक निमित्त ठरला. वाकून आत शिरलेली माणसे आत गेल्यावर पुन्हा ताठ उभी राहतात, हे तेथील भांडणांनी अनेकदा दाखविले आहे.

२०२३ मध्ये गाझातील युद्धामुळे बेथलेहेममधील सार्वजनिक सोहळे रद्द झाले. त्या वर्षी तेथील ल्युथरन चर्चने नेहमीचा देखावा मांडला नाही. सिमेंटचे तुकडे आणि ढिगारा रचून त्यात बाळ येशूची मूर्ती पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळून ठेवली. भोवती रोषणाई नव्हती.