सकाळी हटून बसणारा संगणक

रात्रभर बंद असलेला डेस्कटॉप सकाळी बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाही. चार-पाच वेळा दाबल्यावर सुरू होतो आणि मग दिवसभर सुरळीत चालतो. वसई-विरारच्या दमट, खाऱ्या हवेत पहिला संशय रॅमवर जातो. दोष तिचा असेल तर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. प्लग काढून रॅम उपसावी, सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसावी आणि पुन्हा घट्ट बसवावी.

पंखाही फिरत नसेल, तर आधी एक्स्टेन्शन बोर्ड वगळून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा. तरीही तेच असेल, तर बहुधा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, थकला आहे. त्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षे तापून आतला द्रव आटतो. मग थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज स्थिर राहत नाही. जरा तापले की भागते. दुपारी मेकॅनिक येतो तेव्हा यंत्र शहाण्यासारखे वागते, ते यामुळेच! मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तरी दुखणे त्याच जातीचे. एसएमपीएस घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत घातक व्होल्टेज उरते. सरळ बदलावा.

तारीख-वेळ रोज चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. काम स्वस्तातले आहे.

आणि वसई-विरारच्या जुलै २०१८ च्या पुरासारखे पाणी पुन्हा तळमजल्यात शिरलेच, तर भिजलेला संगणक ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करू नका.