तारेच्या इंटरनेटचा लपंडाव : दोष घरात की बाहेर, हे ओळखावे कसे?

नवी दिल्ली : घरच्या संगणकाला केबलने जोडलेले इंटरनेट वायफायपेक्षा भरवशाचे मानले जाते. मात्र ऑनलाइन परीक्षा, नोकरीची मुलाखत किंवा कार्यालयीन बैठक सुरू असताना हीच जोडणी दर काही मिनिटांनी तुटू लागली, तर मोठे नुकसान होऊ शकते. पूर्णपणे बंद पडलेल्या जोडणीचा दोष लवकर सापडतो. अधूनमधून तुटणारी जोडणी मात्र तंत्रज्ञ घरी येतो नेमकी तेव्हाच सुरळीत असते आणि तक्रार निकाली निघाल्याची नोंद होते. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे ग्राहकाने स्वतः तपासून ठेवणे हिताचे ठरते.

इंटरनेटच्या मार्गाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. संगणकापासून राउटरपर्यंतचा भाग घरातला, तर राउटरपासून सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेपर्यंतचा भाग बाहेरचा. हे दोन भाग वेगळे करून पाहण्यासाठी संगणकातील ‘पिंग’ हा आदेश उपयोगी पडतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एका खिडकीत राउटरचा पत्ता आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा पत्ता देऊन हा आदेश सतत चालू ठेवावा. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. बाहेरचा पत्ता म्हणून गुगलच्या सार्वजनिक सेवेचा ८.८.८.८ हा क्रमांक वापरता येतो.

जोडणी तुटताच दोन्ही खिडक्यांतील प्रतिसाद थांबले, तर दोष केबल, संगणक किंवा राउटर यांपैकी एकात असतो. राउटर प्रतिसाद देत असूनही बाहेरचा पत्ता गप्प झाला, तर दोष राउटरच्या पलीकडे असण्याची शक्यता अधिक. दोन्हीकडून प्रतिसाद येत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा तपासावी.

घरातील दोषांमध्ये केबलचा क्रमांक वरचा लागतो. इथरनेट केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगासाठी दोन जोड्या पुरतात. एक जीबीपीएससाठी चारही लागतात. म्हणूनच पूर्वी एक जीबीपीएस दाखवणारी जोडणी अचानक १०० एमबीपीएसवर आली, तर एखादी तार तुटल्याची किंवा टोकाच्या खटक्यात नीट न बसल्याची शंका घ्यावी. काही स्वस्त राउटरची क्षमताच १०० एमबीपीएस असते, हेही लक्षात घ्यावे. दरवाजाच्या फटीत चेमटलेली, उंदराने कुरतडलेली किंवा गच्चीवर उन्हात तडकलेली केबल बदलणेच श्रेयस्कर. तांब्याच्या अशा केबलची प्रमाणित मर्यादा १०० मीटर आहे.

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम दुसरी केबल, मग राउटरचे दुसरे पोर्ट आणि त्यानंतर दुसरा संगणक जोडून पाहावा. सर्व काही एकदम बदलल्यास जोडणी सुधारते, पण कारण कळत नाही. दुसऱ्या संगणकावर जोडणी स्थिर राहिली, तर पहिल्या संगणकातील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि वीजबचतीसाठी ते कार्ड बंद करण्याची मुभा देणारा पर्याय काढून टाकावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे.

फायबर जोडणीत भिंतीवरील यंत्राचे दिवे बरेच काही सांगतात. ‘एलओएस’ हा तांबडा दिवा लागल्यास प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नसतो. फायबरची तार टेबलामागे तीव्र कोनात वाकली असली, तरीही संकेत क्षीण होतो. या तारेच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातील लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो अपायकारक ठरू शकतो. यंत्र वारंवार आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर त्याचा वीज अडॅप्टर तपासावा.

दोष बाहेरचा असल्याचे दिसल्यास जोडणी तुटल्याच्या वेळा, दिव्यांची स्थिती आणि पिंगचे निकाल दोन-तीन दिवस लिहून ठेवावेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावयाचा असतो. निवारण न झाल्यास किंवा समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ‘इंटरनेट चालत नाही’ या मोघम तक्रारीपेक्षा ‘राउटर प्रतिसाद देतो, पण रात्री नऊनंतर बाहेरचा संपर्क तुटतो’ अशी नोंद हाती असेल, तर तंत्रज्ञाला दोष नाकारणे अवघड जाते.