मातीच्या बाहुल्या आणि हळदीचे रंग

रायपूर व त्याच्या भोवतालच्या मैदानी मुलखात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. सकाळी दहा-अकरापासून उन्हे उतरेपर्यंत मुलांस घरातच ठेवावे लागते. ह्या वेळेसाठी विकतची खेळणी आणण्याचे कारण नाही. हातांस गुंतवून ठेवणारी सामग्री अंगणात व स्वयंपाकघरात असतेच.

छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेस ‘अक्ती’ म्हणतात. त्या दिवशी मुले पुतरा-पुतरीचे, म्हणजे मातीच्या बाहुला-बाहुलीचे, लग्न लावतात. ही जोडी बाजारात मिळते, तथापि घरी केलेलीची गोडी निराळी. शिवाय ती करताना मातीचे गुणधर्म मुलांच्या बोटांना कळतात.

येथील शेतकरी काळ्या चिकण जमिनीस ‘कन्हार’ व पिवळसर, हलक्या जमिनीस ‘मटासी’ म्हणतो. दोहोंच्या सारख्या आकाराच्या दोन बाहुल्या करून वाळत ठेवाव्या. कन्हारीची बाहुली बहुधा अधिक तडकलेली आढळेल. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म व पापुद्र्यासारखे असून ते पुष्कळ पाणी धरून ठेवतात. पाणी उडून गेले की कण जवळ येतात व गोळा आक्रसतो. परंतु उष्ण वाऱ्याने वरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो. आत न आक्रसलेला गाभा आणि बाहेर आक्रसणारी साल, अशी ओढाताण झाली म्हणजे भेगा पडतात. उपाय त्यातूनच सुचतो. मातीत थोडी वाळू व बारीक चिरलेला भाताचा पेंढा मळावा, जाडी सर्वत्र सारखी ठेवावी आणि बाहुली ओलसर फडक्याखाली सावलीत सावकाश सुकू द्यावी.

ह्या साध्या सामग्रीतून काय उभे राहू शकते, ह्याचे उदाहरण छत्तीसगडातच आहे. सरगुजा भागातील पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार ह्यांस लग्नानंतर अनेक वर्षे घराबाहेरच्या जगाशी फारसा संबंध ठेवता आला नाही. कोणीही शिकविलेले नसताना त्यांनी आपल्या लहान मुलासाठी मातीची खेळणी केली. पुढे बांबूच्या कामट्या वाकवून, त्यांवर माती लिंपून त्यांनी जाळ्या उभारल्या. त्यांतून उन्हाची तिरीप मंदावून घरात येई आणि वारा खेळे. १९८३ साली त्यांस राष्ट्रपतिपुरस्कार मिळाला. २००७ मध्ये त्या निवर्तल्या. एकटेपणातून ही कला जन्मली, हे विसरून तिचे नुसते कौतुक करणे मात्र बरे नव्हे.

आता रंग. पांढऱ्यासाठी घरे सारवण्याची ‘छुही’ माती, तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी कोळशाची पूड. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडाचा असल्याने तो उन्हात विटत नाही. हळद मात्र विटते. हळदीने रंगविलेल्या कागदाचा अर्धा भाग झाकून तो काही दिवस उन्हात ठेवला, तर फरक डोळ्यांना दिसेल. हळदीच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकताच ते तांबूस होते. लिंबू पिळताच पुन्हा पिवळे. हळदीतील रंगद्रव्य क्षाराने बदलते व आम्लाने पूर्ववत होते. चुन्यानेही हेच घडते, परंतु ओला चुना डोळ्यांस भाजतो; म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये.

रंग धरून राहावा म्हणून त्यात कणकेची पातळ खळ मिसळावी. त्याच खळीने जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पालथ्या वाटीवर सहा-सात थरांनी चिकटविल्या की सुकल्यावर हलके भांडे निघते.

घरात उरलेले तैलरंगाचे जुने डबे मात्र वापरू नयेत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यापूर्वीच्या डब्यात शिसे कितीतरी अधिक असू शकते. ते मुलांच्या मेंदूस अपाय करते आणि लहान मूल खेळणे तोंडात घालतेच.

न भाजलेली बाहुली पाण्याने विरघळते, ही उणीव नव्हे. मोडलेली, न रंगविलेली बाहुली रात्री भिजत घातली की सकाळी तीच माती दुसऱ्या बाहुलीसाठी तयार असते.