पेनड्राइव्हने संगणकाची स्मृती वाढते का?

मंडळी, जुना संगणक रखडतो, पेनड्राइव्ह लावला तर पळेल का, असा प्रश्न आला आहे. उपायाआधी आपण कारण पाहू. रॅम अपुरी पडली की विंडोजला तीच माहिती पुन्हा पुन्हा हार्ड डिस्कवरून आणावी लागते. तबकडी फिरते, वाचणारा दांडा जागा शोधतो. विखुरलेले छोटे तुकडे गोळा करण्यात वेळ जातो. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नाही. म्हणून २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ‘रेडीबूस्ट’ आलं : अशा तुकड्यांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची. मूळ डिस्कवरच असतं, त्यामुळे तो मध्येच काढला तरी काही हरवत नाही.

पण प्रत हाताशी ठेवणं म्हणजे स्मृती वाढवणं नव्हे. रॅम होती तेवढीच राहते. ५१२ एमबीच्या यंत्राला फरक जाणवेल, ४ जीबीच्या यंत्राला फारसा नाही; एसएसडी असेल तर विंडोज ही सोय नाकारतंच. तेव्हा घरात पडलेला पेनड्राइव्ह जरूर लावून पाहू. पैसे मोजायचेच असतील तर मात्र आधी रॅम नाहीतर एसएसडी घेऊ. निदान चुकलं की औषध वाया जातं, एवढंच.