लोकलच्या भाड्याचा हिशोब : पास घ्यावा की दिवसाचे तिकीट?

कापडाच्या धंद्यात मीटरमागे चार-आठ आण्यांसाठी आम्ही तासभर घासाघीस करतो. परंतु त्याच खरेदीसाठी रोज जे रेल्वेभाडे जाते, त्याचा हिशोब वहीत क्वचितच लिहिला जातो. 'लोकलचे तिकीट ते काय, पंधरा रुपये!' असे म्हणून आम्ही ते सोडून देतो. वर्षाअखेर हीच रक्कम हजारांत जाते. छोट्या व्यापाऱ्याला आणि रोजंदारीच्या कारागिराला ती जड पडते.

पास केव्हा परवडतो?

कल्याण ते मुंबई सीएसएमटी हे 53 किलोमीटरचे अंतर आहे. साध्या लोकलचे दुसऱ्या वर्गाचे एका बाजूचे तिकीट 15 रुपये, म्हणजे जाऊन-येऊन 30 रुपये. याच अंतराचा मासिक पास 315 रुपयांना मिळतो. महिन्यातून दहा दिवस जाणाऱ्याला तिकिटाचे 300 रुपये पडतात. अकराव्या दिवशी ते 330 होतात व पास स्वस्त ठरतो. पंचवीस दिवस जाणाऱ्याचे तिकिटात 750 रुपये जातात. पास घेतला तर 435 रुपये वाचतात.

ठाण्याहून जाणाऱ्यालाही हाच हिशोब लागू आहे. तेथील तिकीट 10 रुपये, मासिक पास 215 रुपये. म्हणजे महिन्यात दहा दिवसांपेक्षा जास्त जाणे असेल तर पास घ्यावा, हा नियम लक्षात ठेवावा. शिवाय पासावर मध्येच दादरला किंवा भायखळ्याला उतरून काम करता येते व पुन्हा पुढे जाता येते. साध्या तिकिटावर ही सवलत नाही. एकदा उतरलात की नवे तिकीट काढावे लागते.

तीन महिने की वर्ष?

तीन महिन्यांच्या पासाची किंमत मासिक पासाच्या 2.7 पट असते, सहा महिन्यांची 5.4 पट आणि वर्षाची 10.8 पट. बारकाईने पाहिले तर जी काही सवलत आहे, ती तीन महिन्यांच्या पासातच पुरी मिळते. वर्षाचा पास म्हणजे तीन-तीन महिन्यांचे चार पास, पैशाने जास्त फायदा काही नाही. फक्त रांगेत कमी वेळा उभे राहावे लागते. म्हणून ज्याचे भांडवल थोडे आहे, त्याने वर्षाचे पैसे अडकवू नयेत. मंदीचा काळ समोर दिसत असेल तर मासिक पासच बरा.

बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी

मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरचे आमचे बांधव रमजान ईदच्या किंवा लग्नसराईच्या खरेदीला चार-पाच दिवस मुंबईत येतात. त्यांना पास उपयोगाचा नाही. रेल्वेने त्यांच्यासाठी पर्यटक तिकीट ठेवले आहे. ते एक, तीन किंवा पाच दिवसांचे मिळते. त्यावर पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांवर लोकलने हवे तितके फिरता येते. नाव पर्यटकाचे असले तरी व्यापाऱ्यालाही ते घेता येते.

एक दिवसाच्या तिकिटात मात्र दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचा फायदा फारसा होत नाही. ते भरून निघण्यासाठी 15 रुपयांचे निदान पाच-सहा टप्पे एका दिवसात झाले पाहिजेत. बाजार करणाऱ्याचे इतके फिरणे सहसा होत नाही. फायदा आहे तो पाच दिवसांच्या तिकिटात, कारण त्याची किंमत एका दिवसाच्या दुपटीहूनही कमी असते.

उदाहरण पाहा. कल्याणला नातेवाइकांकडे मुक्काम आहे. सकाळी कल्याण ते मस्जिद बंदर 15 रुपये. मंगलदास व मुळजी जेठा मार्केटचे काम उरकून दादरपर्यंत 5 रुपये. दादरहून उल्हासनगर 15 रुपये आणि तेथून कल्याण 5 रुपये. दिवसाचे 40 रुपये झाले, पाच दिवसांचे 200 रुपये. येथे पाच दिवसांचे तिकीट निश्चित स्वस्त पडते आणि प्रत्येक स्टेशनवर खिडकीपुढे उभे राहण्याचा वेळही वाचतो. दिवसाला 30 रुपयांहून कमी तिकीट लागत असेल तर सुटे तिकीटच काढावे. भिवंडीला जायचे तर कल्याण किंवा ठाण्याहून बस-रिक्षाचा खर्च वेगळा धरावा. वातानुकूलित लोकलचे भाडेही वेगळे असते.

राज्यात गावोगाव फिरणाऱ्यांसाठी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार व सात दिवसांचा पास आहे. फेरीच्या व्यापाऱ्यांनी त्याचीही चौकशी करावी.

बचत हलाल असावी

काहीजण विनातिकीट प्रवासालाच बचत समजतात. पकडले गेल्यास किमान 250 रुपये दंड आणि वर भाडे, म्हणजे एका दिवसात जवळजवळ महिन्याचा पास गेला! पण दंडाची भीती ही नंतरची गोष्ट. भाडे बुडवणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारणे आहे, आणि अशा पैशात बरकत नसते. तसेच पास ज्याच्या नावाचा, त्यालाच चालतो. भावाचा पास घेऊन जाणे किंवा शेठने एकाच पासावर आळीपाळीने दोन नोकर पाठवणे, हा गुन्हा आहे.

उलट कारखानदार बांधवांना आमची विनंती आहे की, मदनपुऱ्यात किंवा कुर्ल्यात लांबून कामाला येणाऱ्या कारागिराला तीन महिन्यांचा पास काढून द्यावा. त्याच्या हातात एकदम साडेआठशे रुपये नसतात, म्हणून तो रोजचे महाग तिकीट काढत राहतो. ही रक्कम हवी तर मजुरीतून थोडी-थोडी वळती करावी, पण ती त्याला विचारून आणि वहीत लिहून. कारागिराचे पैसे वाचतील, आणि तो वेळेवर येईल तर काम आपलेच होईल.